लेंकरांच्या हातांचा कैवारी : फ्रेडरिक फ्रोबेल

लहान लेंकराच्या हातीं ओल्या मातीचा गोळा आला, म्हणजे तें स्वस्थ बसत नाहीं. त्या गोळ्याची भाकर होते, भाकरीचा बैल होतो, आणि बैल मोडून चूल होते. आई त्याला हात धुवावयास सांगते व पंतोजी त्याला पाटीकडे पाहावयास सांगतात. ह्या मातीच्या खेळांत विद्येचा कांहीं अंश असेल, असें पुष्कळ काळपर्यंत फारच थोड्यांना वाटलें. ज्या पुरुषानें ह्या खेळाचा हात धरून त्याला शाळेंत आणिलें व शिक्षणाच्या पंक्तीस बसविलें, त्याचें नांव फ्रेडरिक फ्रोबेल. गांवोगांवच्या शाळांत व शब्बाथशाळांत जे बंधु आणि भगिनी लहानांस शिकवितात, त्यांस ह्या पुरुषाचें चरित्र उपयोगी पडेल, असें जाणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

फ्रोबेल ह्यांचा जन्म ता. २१ एप्रिल १७८२ रोजीं जर्मनी देशांत, थुरिंगियाच्या अरण्यप्रदेशांतील ओबरवाइसबाख ह्या गांवीं झाला. त्यांचे वडील तेथील ल्युथरन मंडळीचे पाळक होते. अनेक खेडीं व हजारों माणसें ह्यांची काळजी त्यांच्या शिरावर असल्यामुळें त्यांना स्वतःच्या घराकडे पाहावयास फारशी फुरसत मिळत नसे. मूल वर्षाचें होण्यापूर्वींच त्याची आई देवाघरीं गेली. पुढें वडिलांनीं दुसरा विवाह केला, तेव्हां त्या अजाण बालकाला आई मिळाल्याचा मोठा आनंद झाला. परंतु सावत्र आईला स्वतःचा मुलगा होतांच तिचें मन ह्या मुलावरून उडालें. ती त्याला तूं म्हणून हांक मारीनाशी झाली व परक्या माणसाशीं बोलावें तशी त्याच्याशीं बोलूं लागली. गोष्ट एवढीशी, पण ती त्या मुलाच्या काळजांत कांट्यासारखी रुतली, आणि प्रौढपणींही त्याला तिचा विसर पडला नाहीं.

वडिलांनीं त्याला स्वतः वाचावयास शिकविण्याचा यत्न केला. मुलाला अक्षरें लवकर येईनात. वडील कामांत गढलेले, मुलगा भेदरलेला. अशा स्थितींत हा मुलगा मंदबुद्धि आहे, असा त्यांचा ग्रह झाला. पुढें त्यांनीं त्याला गांवांतील मुलींच्या शाळेंत बसविलें. पाळकाचें घर मंदिर, भिंती व कुंपणें ह्यांच्या मधोमध कोंडल्यासारखें होतें. तेथें तो मुलगा एकटाच बागेंत वावरे, फुलांच्या पाकळ्या न्याहाळी व वर दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्याकडे पाहत राही. वाचकहो, आपल्याही गांवांत असें एखादें लेंकरूं असतें. तें पाढे चुकतें, म्हणून आपण त्याला मठ्ठ म्हणतों. त्याचे हात काय करूं शकतात, हें मात्र आपण कधीं पाहत नाहीं. फ्रेडरिक असाच एक मुलगा होता, हें पुढील सर्व हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावें.

दहा वर्षांचा झाला तेव्हां त्याच्या मामाला त्याची दया आली. हे मामा श्टाटइल्म येथें मंडळीचे वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या घरीं त्याला प्रथमच मोकळा श्वास घेतां आला. सोबत्यांबरोबर हुंदडावें, नदीकांठीं खेळावें, आणि घरीं आल्यावर कोणीं रागावूं नये, हें सुख त्याला तेथें लाभलें. चारएक वर्षांनंतर तो एका वनअधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागला. गुरूनें फारसें शिकविलें नाहीं. तरी झाडें, दगड व जमिनीची मोजणी ह्यांचें ज्ञान त्यानें आपलें आपण मिळविलें. सन १७९९ त तो येना येथील विद्यापीठांत गेला. तेथें पैसा पुरला नाहीं. थोडक्या कर्जापायीं त्याला विद्यापीठाच्या तुरुंगांत नऊ आठवडे बसावें लागलें. सन १८०२ त वडील वारले. त्यानंतर हिशेबनीस, मोजणीदार अशा नाना नोकऱ्या करीत तो तरुण ठिकठिकाणीं भटकला. कोठेंच त्याचें मन रमेना.

सन १८०५ त फ्रोबेल घरबांधणीची विद्या शिकावी म्हणून फ्रँकफर्ट शहरीं आले. तेथें ग्रूनर नांवाचे एक शाळाप्रमुख त्यांना भेटले. घरें बांधण्याचा नाद सोडून शिक्षक व्हा, अशी सल्ला त्यांनीं दिली व आपल्या शाळेंत जागाही देऊं केली. तेवीस वर्षांचे फ्रोबेल प्रथमच मुलांच्या वर्गापुढें उभे राहिले, आणि ज्याच्या शोधांत आपण इतकीं वर्षें होतों तें काम हेंच, अशी त्यांची खातरी झाली. त्याच वर्षीं ते स्वित्झर्लंडांतील इव्हर्डन येथें पेस्टालॉझी ह्या थोर शिक्षकाची शाळा पाहावयास गेले. पुढें एका श्रीमंत घराण्यांतील तीन मुलांचें शिक्षण त्यांच्याकडे आलें. त्या मुलांना घेऊन सन १८०८ पासून सन १८१० पर्यंत ते पेस्टालॉझीच्याच सहवासांत राहिले.

पेस्टालॉझीचें म्हणणें असें होतें कीं, मुलाला आधीं वस्तु दाखवावी व मग तिचें नांव शिकवावें. नुसतें पाठ करून घेण्याच्या काळांत हें मोठेंच पाऊल होतें. फ्रोबेल ह्यांनीं त्याच्यापुढें आणखी एक पाऊल टाकिलें. त्या तीन मुलांच्या वडिलांकडून त्यांनीं जमिनीचा एक तुकडा मागून घेतला व मुलांकडून त्यांत बाग करविली. कागद, पुठ्ठा व लांकूड देऊन त्यांच्याकडून निरनिराळ्या वस्तु घडविल्या. मुलें आपल्या हातच्या वस्तु प्रेमानें दुसऱ्यांना देऊं लागलीं. तेव्हां फ्रोबेल ह्यांच्या ध्यानीं आलें कीं, पाहण्यानें वस्तु डोळ्यांत येते, पण घडविण्यानें ती मनांत येते. जें मूल स्वतः पेटी करतें, त्याला पेटीच्या बाजू व कोपरे निराळे शिकवावे लागत नाहींत.

पुढें त्यांनीं गॉटिंगेन व बर्लिन येथें सृष्टिशास्त्राचा अभ्यास केला. बर्लिनमध्यें प्रोफेसर वाइस ह्यांच्यापाशीं स्फटिकांचा अभ्यास करतांना, दगडासारख्या निर्जीव पदार्थांतही ठराविक आकार व नियम आहेत, हें पाहून ते चकित झाले. सन १८१३ त नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत ते स्वयंसेवक म्हणून गेले. लढाईपेक्षां महत्त्वाचा लाभ त्यांना तेथें झाला, तो म्हणजे मिडेनडॉर्फ व लांगेटाल ह्या दोन मित्रांचा. हे दोघेही धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते. पुढें ह्या दोघांनींही आपलें आयुष्य फ्रोबेल ह्यांच्या कार्याला जोडलें.

त्याच सुमारास फ्रोबेल ह्यांचे वडील बंधु ख्रिस्तोफ, जे ग्रीसहाइम येथें पाळक होते, ते आजारी सैनिकांची शुश्रूषा करतांना सांथीच्या तापानें वारले. त्यांचीं मुलें पोरकीं झालीं. फ्रोबेल ह्यांना बर्लिन येथें खनिजांच्या संग्रहालयांत चांगली जागा होती. पण ती सोडून सन १८१६ त ते ग्रीसहाइमला आले व आपल्या पांच पुतण्यांना घेऊन त्यांनीं शाळा उघडली. पुढील वर्षीं ही शाळा काइलहाउ ह्या लहानशा खेड्यांत गेली. सन १८१८ त त्यांचा हेन्रिएट हॉफमाइस्टर ह्या सुशिक्षित बाईशीं विवाह झाला. शहरांतील सुखवस्तु घर सोडून ती ह्या गरीब शाळेची आई होऊन राहिली.

काइलहाउच्या शाळेंत पुस्तकी विषय होतेच; पण त्यांच्या जोडीला हातांचें कामही होतें. मुलें ओढ्यावर बांध घालीत, लहानलहान पाणचक्क्या बसवीत, आणि पुठ्ठ्याच्या व लांकडाच्या वस्तु करीत. सन १८२६ त फ्रोबेल ह्यांनीं मनुष्याच्या शिक्षणाविषयीं आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, देव निर्माणकर्ता आहे व मनुष्य त्याच्या प्रतिरूपाचा आहे. तेव्हां कांहींतरी निर्माण करणें हा मनुष्याचा स्वभावच आहे. केवळ पोट भरण्यासाठीं मनुष्य काम करतो, हा समज त्यांना हीन वाटे. प्रत्येक मुलानें, मग तें कोणत्याही घरचें असो, रोज निदान एक दोन तास हातांनीं कांहीं वस्तु घडवावी, असा त्यांचा आग्रह होता. हातकाम हें गरिबांनीं करावयाचें व पुस्तक श्रीमंतांनीं वाचावयाचें, ही वांटणी त्यांनीं मानिली नाहीं.

परंतु त्या काळीं सरकारला नव्या विचारांचें भय वाटे. काइलहाउविषयीं संशय उठला. सरकारी तपासनिसानें शाळा पाहून अनुकूल मत दिलें, तरी लोकांच्या मनांतील किंतु गेला नाहीं, व सन १८२९ च्या सुमारास मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं. फ्रोबेल स्वित्झर्लंडांत गेले. तेथें बुर्गडॉर्फ येथील अनाथालय सन १८३५ त त्यांच्या हातीं आलें. तेथें व इतरत्र त्यांना एक गोष्ट वारंवार दिसली : मूल शाळेंत येतें तेव्हां त्याचीं सर्वांत कोंवळीं वर्षें निघून गेलेलीं असतात, व त्या वर्षांकडे कोणीच पाहिलेलें नसतें. स्वतःच्या आईवांचूनच्या बालपणाची आठवण त्यांना झाली असेल, तर नवल नाहीं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, लोक ज्या वयांत विश्रांति शोधतात त्या वयांत, त्यांनीं आपलें खरें कार्य आरंभिलें.

सन १८३७ त ब्लांकेनबुर्ग ह्या गांवीं त्यांनीं लहान मुलांचे खेळ व उद्योग ह्यांसाठीं एक संस्था काढिली. तेथें त्यांनीं जीं साधनें तयार केलीं, त्यांना ते देणग्या म्हणत. पहिली देणगी लोंकरीच्या सहा रंगांच्या सहा चेंडूंची. दुसरींत लांकडी चेंडू, घन ठोकळा व नळकांडें. तिसरींत एक घन, जो तिन्ही बाजूंनीं कापून आठ सारख्या लहान घनांचा झाला आहे. पुढील देणग्यांत विटांसारखे व तिरकस कापलेले ठोकळे येत. ह्यांच्याबरोबर मुलांना नाना उद्योग असत. चौकोनी कागदाच्या घड्या घालून होडी वा पक्षी करणें, रंगीत कागदाच्या पट्ट्या चटईसारख्या विणणें, कातरकाम, चौकटी आंखलेल्या पाटीवर चित्र काढणें, मातीचे आकार करणें, आणि भिजविलेल्या वाटाण्यांत काड्या खोंवून घर, शिडी वा खुर्ची उभी करणें. ह्यांपैकीं एकाही कामाला श्रीमंताची थैली लागत नाहीं, हें आमच्या वाचकांच्या ध्यानीं यावें.

ह्या खेळांना एक शिस्त होती. आठ ठोकळ्यांची खुर्ची झाल्यावर मूल ती उधळून टाकीत नसे. त्यांतील दोन ठोकळे सरकवून तिचीच पायरी होई व पायरीचा दरवाजा होई. आठांपैकीं एकही ठोकळा बाजूला पडावयाचा नाहीं, असा नेम असे. एकाच साहित्यांतून मूल तीन प्रकारचे आकार करी. एक, रोज दिसणाऱ्या वस्तूंचे. दुसरे, रांगोळीसारखे केवळ शोभेचे. आणि तिसरे, ज्यांतून अर्धें, पाव व सारखेपणा हें गणित कळे असे. अशा रीतीनें घर, सौंदर्य व गणित हीं तिन्ही एकाच मुठींतल्या ठोकळ्यांत त्याला सांपडत. ह्याशिवाय बागेंत प्रत्येक मुलाचा एक लहान वाफा असे व सर्वांचा मिळून एक मोठा वाफा असे. आपलें काय व सर्वांचें काय, हें तेथें त्याला व्याख्यानावांचून समजे.

ह्या संस्थेला नांव काय द्यावें, हें पुष्कळ दिवस सुचेना. एकदां मित्रांसह डोंगर उतरून ब्लांकेनबुर्गला येत असतां त्यांना किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हें नांव सुचलें. मूल हें रोपासारखें असून शिक्षक हा माळी आहे. माळी पाणी घालतो व तण काढतो, पण कळी ओढून फूल उमलवीत नाहीं, हा त्यांचा भाव त्या एका नांवांत आला. ता. २८ जून १८४० रोजीं ह्या नांवानें संस्थेची रीतसर स्थापना झाली. तो दिवस पाहावयास हेन्रिएटबाई मात्र नव्हत्या. आदल्या वर्षींच त्या निवर्तल्या होत्या. पुढें पैशाची टंचाई पडली, वर्गणी जमेना, व ब्लांकेनबुर्गचें काम थोड्याच वर्षांत आटोपावें लागलें.

फ्रोबेल खचले नाहींत. सन १८४४ त त्यांनीं आयांसाठीं बोटांच्या खेळांचें व गाण्यांचें सचित्र पुस्तक काढलें. पुढें ते गांवोगांव हिंडून तरुण स्त्रियांना हें काम शिकवूं लागले. लहान मुलांचें शिक्षण हें स्त्रियांच्या हातीं द्यावें व त्यासाठीं त्यांना विधिपूर्वक शिकवून तयार करावें, ही कल्पना पुष्कळांना हास्यास्पद वाटली. सन १८४९ त लीबेनश्टाइन येथें हा पांढऱ्या केसांचा वृद्ध खेड्यांतील अनवाणी पोरांना घेऊन टेकडीवर गात व फेर धरून नाचत असे. लोक त्याला म्हातारा खुळा म्हणत. मारेनहोल्ट्झ-ब्यूलो नांवाच्या एका सरदारघराण्यांतील बाईनें मात्र हा खुळेपणा जवळ जाऊन पाहिला व तिचें मन जिंकलें गेलें. तिनें डीस्टरवेग ह्या नामांकित शिक्षणशास्त्र्याला तेथें आणिलें. तेही प्रथम हंसले, मग थांबून पाहूं लागले, व शेवटीं फ्रोबेल ह्यांचे साह्यकर्ते झाले.

आतां सर्व सुरळीत चालेल असें वाटत असतांना मोठा घाव बसला. ता. ७ ऑगस्ट १८५१ रोजीं प्रशियाचे मंत्री राउमर ह्यांनीं आपल्या राज्यांतील सर्व किंडरगार्टनांवर बंदी घातली. ह्या शाळा मुलांना नास्तिक व राज्यद्रोही करतात, असा आरोप होता. त्याला कारण असें झालें कीं, फ्रोबेल ह्यांचे पुतणे कार्ल फ्रोबेल ह्यांच्या जहाल लिखाणाचा दोष चुलत्याच्या माथीं मारला गेला. फ्रोबेल ह्यांनीं खुलासा केला व पुनर्विचाराची विनंति केली. ती मान्य झाली नाहीं. पाळकाच्या घरीं जन्मलेल्या, आणि लेंकराच्या घडविणाऱ्या हातांत निर्माणकर्त्याची खूण पाहणाऱ्या ह्या माणसाला नास्तिक म्हणण्यांत आलें. त्याच वर्षीं त्यांची शिष्या लुईझ लेविन ही त्यांची पत्नी झाली होती. ह्या दुःखांत तिचाच त्यांना आधार होता. ता. २१ जून १८५२ रोजीं मारियनटाल येथें त्यांनीं देह ठेविला. श्वाइना गांवच्या स्मशानभूमींत त्यांच्या थडग्यावर घन, नळकांडें व गोल असा दगडी स्तंभ उभारला आहे. बंदी उठली ती सन १८६० त. ती वार्ता ऐकावयास ते राहिले नव्हते.

बी मात्र मेलें नव्हतें. मारेनहोल्ट्झ-ब्यूलो बाई देशोदेशीं हिंडली व तिनें हा विचार सर्वत्र पोंचविला. फिनलंड देशांत उनो सिग्नेउस नांवाच्या ल्युथरन पाळकानें फ्रोबेल ह्यांच्या विचारांवरून प्राथमिक शाळेंत हातकामाला अभ्यासाचें स्थान दिलें, व सन १८६६ च्या कायद्यानें तें पक्कें झालें. अशा रीतीनें हें बी लहान मुलांच्या बागेंतून मोठ्या मुलांच्या शाळेंत गेलें. अमेरिकेंत सन १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनानंतर एका आईनें आपल्या मुलासाठीं फ्रोबेलचे ठोकळे विकत आणिले. तो मुलगा पुढें फ्रँक लॉइड राइट ह्या नांवानें जगप्रसिद्ध गृहशिल्पी झाला, व त्या ठोकळ्यांचें ऋण त्यानें म्हातारपणींही मानिलें. आपल्या महाराष्ट्राशींही ह्याचा संबंध आहे. पंडिता रमाबाई सन १८८६ त अमेरिकेस गेल्या, तेव्हां तेथें त्यांनीं किंडरगार्टन पद्धतीचा मन लावून अभ्यास केला, आणि सन १८८९ त मुंबईस शारदासदन काढिल्यावर तिचा उपयोग आपल्या कार्यांत केला.

फ्रोबेल ह्यांच्या पद्धतींत दोष नव्हते असें नाहीं. अगदीं बारीक टोंचकाम व शिवणकाम ह्यांनीं कोंवळ्या डोळ्यांना व बोटांना शीण होतो, अशी हरकत पुढील शिक्षकांनीं घेतली, व ती रास्त होती. त्याहून मोठा दोष अनुयायांच्या हातून घडला. गुरूनें मुलाला मोकळें करण्यासाठीं जे ठोकळे दिले, त्यांचीच पुष्कळ ठिकाणीं कवाईत झाली. बाईंनीं सांगावें, सर्व मुलांनीं एकदम घडी घालावी, आणि शेवटीं चाळीस होड्या हुबेहूब सारख्या निघाव्या, असें होऊं लागलें. माळ्यानें सर्व रोपांना एकाच उंचीवर कातरावें, तसाच हा प्रकार.

म्हणून शिकविणाऱ्या बंधुभगिनींनो, ह्या चरित्रांतून ठोकळे नव्हे, तर त्यांमागचें मन उचलावें. ठोकळे नसले तरी गांवांत माती आहे, चिंचोके आहेत, ज्वारीचीं धाटें आहेत, जुन्या वर्तमानपत्राचे कागद आहेत. घडी कशी घालावयाची, हें एकदां दाखवावें. मग त्या घडीचें काय करावयाचें, हें मुलावर सोपवावें. मुलाचा बैल घोड्यासारखा दिसला, तरी आपल्या हातानें तो नीट करूं नये. हें काय केलेंस, असें प्रेमानें विचारावें व त्याचें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें. त्या उत्तरांत भाषा आहे, विचार आहे, आणि त्या मुलाचें मन आपणांस पाहावयास मिळतें. धडा संपला म्हणजे वस्तु केरांत न जातां मुलाच्या घरीं जावी. आपल्या लेंकराच्या हातून कांहीं होतें, हें त्याच्या आईबापांनाही दिसावें.

ओबरवाइसबाखचें तें पाळकाचें घर आज फ्रोबेल ह्यांचें स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. ज्या कुंपणांच्या आंत एका मुलाला मंदबुद्धि ठरविलें गेलें, तेथें आतां लोक त्याच्या नांवानें जातात. आपल्या वर्गाच्या मागच्या ओळींत जें लेंकरूं मुकाट बसलें आहे, त्याच्या हातीं ह्या आठवड्यांत मातीचा एक गोळा द्यावा, एवढीच विनंति.